आक्कांच्या ट्रंकेतल्या रेकॉर्डी

मी तुमच्या नेहमीच्या ओळखीची, बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी हप्ता, व्याज, वहीखातं नाहीतर शेवया-पापडाच्या ऑर्डरींवर बोलते. आज जरा वेगळं आहे. आज जुन्या रेकॉर्डींबद्दल बोलणार आहे. काळ्या, गोल, ताटलीएवढ्या, गाण्याच्या रेकॉर्डी. आताच्या मुलींनी त्या पाहिल्याही नसतील. पण ‘सासूबाईंची रोजची तीच रेकॉर्ड’ असं आपण सगळ्याच म्हणतो, त्यातली ती रेकॉर्ड. ती अडकते का, तेही पुढे सांगते.

विषय घेण्याचं कारण सरळ आहे. एक रेकॉर्ड माझ्या हातानं गेली. तुमच्या हातानं जाऊ नये.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शहरातल्या एका व्यापाऱ्यानं आमच्या गटाला ऑर्डर दिली. जुन्या रेकॉर्डीच्या मधल्या भोकात घड्याळाचं यंत्र बसवायचं, वर रंगकाम करायचं, की भिंतीवरचं घड्याळ तयार. चाळीस नग हवे होते. एका नगामागे दोनशे रुपये सुटणार होते. रेकॉर्डी आम्हीच गोळा करायच्या होत्या. बैठकीत मी हे सांगितलं तशा आमच्या गटातल्या आक्का म्हणाल्या, “आमच्या माळ्यावर एक ट्रंक हाय. मामंजींची. घेऊन जा.”

आक्कांचे सासरे लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्न, बारसं, यात्रा, पुढाऱ्याची सभा, काही असलं तरी त्यांचा कर्णा झाडावर बांधलेला असायचा. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्याच्या दारातही खेळ सुरू होईपर्यंत यांच्याच रेकॉर्डी वाजायच्या. ट्रंक उघडली तर आत एकावर एक आडव्या रचलेल्या सेहेचाळीस रेकॉर्डी. कागदी पाकिटांना कसर लागलेली, कोपऱ्यात कुंभारणीनं मातीचं घर केलेलं, आणि सगळ्यावर पांढरट बुरशी.

मी उत्साहानं ओट्यावर बसले. कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली घरात पडून होती. म्हटलं, बुरशीवर याच्याइतकं चांगलं काय? पहिली रेकॉर्ड घेतली, फडका भिजवला आणि कडेकडेनं गोल पुसत आत निघाले. फडका काळा झाला. मला वाटलं, किती हा मळ! अजून जोरात पुसलं. तेवढ्यात आक्का चष्मा घेऊन आल्या, मधला कागद वाचला आणि म्हणाल्या, “अगं, ही आमच्या वरातीत लावली हुती.” मी हात थांबवला. पुसलेला भाग चमकण्याऐवजी पांढुरका, भुरकट झाला होता आणि बोटाला चिकट लागत होता.

तालुक्याच्या गावी एक दुरुस्तीवाले आहेत. तीस वर्षं अॅम्प्लिफायर आणि भोंगे दुरुस्त करतात. त्यांच्याकडे रेकॉर्ड आणि फडका दोन्ही घेऊन गेले. त्यांनी आधी फडका नाकाजवळ नेला आणि म्हणाले, “ताई, सुतार दाराला पॉलिश करतो, ते कसं बनवतो सांगा.” मला ठाऊक होतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून ठेवतात, ती विरघळते. “मग तेच केलंत तुम्ही. ही रेकॉर्ड लाखेची आहे. तुमच्या बाटलीत स्पिरिटच होतं. फडक्याला लागला तो मळ नव्हता, गाणं होतं.”

मैत्रिणींनो, हे मला बी.ए. होऊनही माहीत नव्हतं. मला वाटत होतं, रेकॉर्ड म्हणजे प्लॅस्टिक. तर रेकॉर्डी दोन जातीच्या असतात. जुनी जात लाखेची. लाख म्हणजे तीच, जी पळसावर, बोरीवर किडा तयार करतो, जी आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला काढतात, जिच्या बांगड्या होतात आणि जी सोनार आपल्या मंगळसूत्राच्या वाट्यांत भरतो. त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून, गरम साच्यात दाबून ही तबकडी करत. लाख आपल्या देशातून जगभर जायची. पण १९०२ साली कोलकात्यात गोहरजानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा त्याच्या तबकड्या जर्मनीत छापून परत इथं आणाव्या लागल्या. कोलकात्यात कारखाना निघाला १९०८ साली. मग बालगंधर्वांची नाट्यपदं काय, लावण्या काय, भजनं काय, सगळं या लाखेवर आलं. ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरते आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजते.

दुसरी जात प्लॅस्टिकची, व्हिनाइल म्हणतात ती. ही १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली. ती मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश फेरे फिरते, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजते. ४५ फेऱ्यांच्या छोट्याही असतात. आपल्याकडे १९७० च्या आसपासपर्यंत लाखेच्या आणि व्हिनाइलच्या अशा दोन्ही निघत होत्या, म्हणून एकाच ट्रंकेत दोन्ही सापडतात.

ओळखायचं कसं? मधल्या कागदावर ७८ लिहिलेलं असलं तर बहुधा लाखेची. हातात जड, आणि कडेला नखानं टिचकी मारली तर कौलासारखा टणक आवाज येतो. व्हिनाइल हलकी, जराशी लवते, आवाज बद्द. लाखेची लवत नाही. लववायला गेलात तर काचेच्या बांगडीसारखी फुटेल. शंका असली तर ती लाखेचीच आहे असं धरून चालायचं. स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, नेलपॉलिश काढायचं औषध, काहीही तिच्या जवळ नेऊ नका. रॉकेल नको. खोबरेल तर अजिबात नको. आक्कांचे सासरे यात्रेच्या आदल्या दिवशी रेकॉर्डींना खोबरेलाचा हात फिरवायचे, तुकतुकीत दिसाव्यात म्हणून. त्या तेलात पन्नास वर्षांची धूळ बसून तिचं कीट झालं होतं.

आता ती झिजते कशी? बैलगाडी रोज एकाच वाटेनं गेली की चाकोरी पडते, ती तुम्ही पाहिली आहे. रेकॉर्डीवर कडेपासून मध्यापर्यंत एकच लांबलचक चाकोरी असते, वळत वळत जाणारी. आपल्याला अनेक रेघा दिसतात, पण ती एकच असते. मी हिशेब करून पाहिला, लाखेच्या एका बाजूची चाकोरी उलगडली तर शंभर मीटरच्या वर जाईल. त्या चाकोरीच्या भिंती सरळ नसतात, नागमोडी असतात. ती वळणं म्हणजेच गाणं. सुई त्यातून जाताना थरथरते आणि ती थरथर भोंग्यातून आवाज होऊन येते.

पूर्वीच्या चावीच्या फोनोला पोलादी सुई असायची आणि तिच्यावर सगळ्या जड डोक्याचा भार. लाखेतली दगडाची भुकटी मुद्दाम घातलेली. सुई पहिल्या काही फेऱ्यांत तिच्यावर सहाणेवर घासावी तशी घासून चाकोरीच्या मापाची व्हायची. म्हणजे झिजायची ती सुईनं, रेकॉर्डीनं नव्हे. म्हणून नियम असा होता की एक बाजू वाजली, सुई फेकली. दोनशे सुयांची छोटी डबी यायची. पण आपल्या खेड्यात एका बाजूला एक सुई कोण वापरणार? आक्का सांगतात, मामंजी एका सुईवर अख्खी वरात काढायचे. मग झिजलेल्या सुईला धार येते आणि ती धार चाकोरीच्या भिंती तासत जाते. अशी रेकॉर्ड उजेडाकडे तिरपी धरली की रेघांचा भाग काळा न दिसता राखाडी दिसतो. शौकीन माणसं बांबूच्या चिपेची सुई वापरत, तिचं टोक दर वेळी छाटून. आवाज थोडा मऊ यायचा, पण रेकॉर्ड टिकायची.

व्हिनाइलची तऱ्हा वेगळी. तिच्यावर सुईचा भार दोन-तीन ग्रॅमच हवा. पण रेकॉर्ड उड्या मारायला लागली की आपली माणसं सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवत. तीन ग्रॅमसुद्धा सुईच्या टोकावर किती होतात ते ज्याच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय त्यानं ओळखावं. त्यावर नाणं म्हणजे चाकोरीचा नांगरटच.

आडवा ओरखडा असला तर ‘टिक’ असा आवाज येतो, दर फेऱ्याला एक. लाखेच्या रेकॉर्डीवर सेकंदाहून कमी अंतरानं, व्हिनाइलवर जवळजवळ दोन सेकंदांनी. आणि ओरखड्यानं चाकोरीची भिंतच फुटली तर सुई पुढे जायच्याऐवजी मागच्या रेघेत पडते, आणि तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ही आपल्या सासूबाईंची रेकॉर्ड.

दुरुस्तीवाल्यांनी मला एक गोष्ट तीनदा बजावली. धुतल्यानं मळ जातो, झीज जात नाही. जी भिंत तासली गेली ती परत उभी करणारं औषध नाही. बाजारात कोणी चमक आणणारं काही विकत असेल तर घेऊ नका. पण एक उपाय आहे, आणि तो मला फार आवडला. झिजलेल्या चाकोरीत जुनी सुई भिंतीच्या ज्या उंचीवरून गेली, तेवढाच पट्टा खराब असतो. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावली तर ती भिंतीच्या वरच्या किंवा खालच्या चांगल्या भागाला टेकते. अरुंद चाकाच्या गाडीनं झिजवलेल्या वाटेवर रुंद चाकाची गाडी नेल्यासारखं. आवाज एकदम उजळतो. मात्र व्हिनाइलची सुई लाखेच्या रेकॉर्डीवर कधी लावू नका. ती फारच बारीक असते, चाकोरीच्या तळाशी जाऊन खरखरते आणि स्वतःही बिघडते. जुन्या प्लेअरला सुईजवळ एक छोटी पट्टी असते, एका अंगाला ७८ आणि दुसऱ्या अंगाला एलपी. ती फिरवायला विसरायचं नाही.

आता धुण्याचं सांगते. हे काम आम्ही बायकांनीच केलं आणि आपल्या हाताला ते चांगलं येतं. आधी बुरशी घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशनं झटकायची. रेकॉर्ड धरताना दोन्ही तळहातांत कडेनं धरायची, रेघांवर बोट नाही. पाणी डिस्टिल्ड घ्यायचं, गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते. आपल्या बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार रेघांत बसतो. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे एक-दोन थेंब. मऊ ब्रश भिजवून रेघांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही. मधला कागद भिजू द्यायचा नाही. आक्कांच्या सुनेनं स्टीलच्या डब्याचं झाकण त्यावर दाबून धरायची युक्ती काढली, ती झकास चालली. मग नुसत्या पाण्यानं पुसून, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडानं टिपून, सावलीत उभी करून वाळवायची. आम्ही ताटाळ्यात उभ्या केल्या. लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवायची नाही, काम झटपट उरकायचं. तडा गेलेली असेल तर धुवायचीच नाही. पाणी तड्यातून आत शिरतं.

फुटलेल्या रेकॉर्डीला चिकटद्रव लावू नका. तो चाकोरीत भरला की संपलं. तुकडे एकमेकांना घासू न देता वेगवेगळ्या कागदात ठेवा. जाणकार माणूस ते जुळवून गाणं काढू शकतो.

वाकलेली रेकॉर्ड उन्हात ठेवून सरळ होईल असं सांगणारे भेटतील. पत्र्याच्या माळ्यावरच्या उन्हाळ्यानंच ती वाकलेली असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आडव्या रचू नका. सगळ्यात खालच्या रेकॉर्डीवर वरच्या पंचेचाळीसांचं वजन येतं, आणि मधली खर कुरतडत राहते. आमच्या ट्रंकेतल्या तळाच्या तिन्हींना तडे होते. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, तिरप्या नाहीत. पाकिटं आम्ही घरीच केली, कोऱ्या गुळगुळीत कागदाची. दहा इंची रेकॉर्डीला साडेसव्वीस सेंटिमीटरचं चौकोनी पाकीट नीट होतं. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई उतरते.

एवढं सगळं कळल्यावर घड्याळांचं काय करायचं हा प्रश्न उरला. बैठकीत बरंच बोलणं झालं. एक जण स्पष्ट म्हणाली, “ताई, गाण्यानं हप्ता फिटतो का?” तिचं खोटं नव्हतं. आठ हजार रुपये लहान नसतात, आणि ऑर्डर मीच आणली होती. मी सांगितलं की लाखेच्या रेकॉर्डींना घड्याळ बसणार नाही, भोक मोठं करायला गेलो तर फुटतील. ते खरंच आहे. पण मला खरं सांगायचं होतं ते वेगळंच, आणि ते आक्का बोलल्या. “त्येंची हायेत. आधी ऐकू, मग बघू.”

ट्रंकेत आठ व्हिनाइलच्या निघाल्या. त्यातल्या पाच इतक्या वाकलेल्या-घासलेल्या होत्या की वाजणं शक्य नव्हतं, आणि ती सिनेमाची गाणी अजून कुठंही मिळतात. त्यांची घड्याळं केली. बाहेरून गोळा केलेल्या धरून अकरा नग गेले. बाकीची ऑर्डर गेली. ती मैत्रीण माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही. (घड्याळं करायला माझी ना नाही. फक्त कोणी व्हिनाइल तापवून वाडगे, कुंड्या करायचं प्रशिक्षण देऊ लागलं तर स्वयंपाकघरात ते करू नका. जास्त तापलं की त्या प्लॅस्टिकमधून आम्लाची वाफ निघते, डोळे आणि छाती दोन्ही धरतं.)

उरलेल्या लाखेच्या अडतीस आणि व्हिनाइलच्या तीन आम्ही रेडिओच्या या खोलीत आणल्या. दुरुस्तीवाल्यांनी प्लेअर आणि तीन जाडीच्या सुया दिल्या. इथल्या मुलींनी एकेक बाजू संगणकावर उतरवली. त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगितली. जशी वाजली तशी एक प्रत आधी ठेवा, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीतून. संगणक खरखर काढतो, पण हावरटपणा केला की खरखरीबरोबर घुंगरूही जातात, आणि गाणारी बाई पाण्याखालून गायल्यासारखी वाटते. प्रत्येक रेकॉर्डीचा नंबर, मधल्या कागदावरची नावं आणि आक्का काय म्हणाल्या तेही वहीत लिहिलं. ‘ही कोणाच्या लग्नात’, ‘ही पहाटे’, ‘ही लावली की मामंजी रागवायचे’ असं. प्रती दोन ठिकाणी ठेवल्या, एक इथं आणि एक आक्कांच्या नातवाकडे.

आणि ती वरातीची रेकॉर्ड. मी कडेकडून पुसायला सुरुवात केली होती, त्यामुळे गाण्याची सुरुवात गेली. तिथं नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज आहे, आणि त्यामागे कोणीतरी गातंय एवढंच कळतं. जाड सुईनंही तिथं फरक पडला नाही. पण मी मध्यापर्यंत पोचले नव्हते. शेवटचं एक मिनिट आणि दहा सेकंद स्वच्छ आहे. मागची बाजू तर मी उलटलीच नव्हती, ती पूर्ण वाजते. आक्कांनी दोन्ही ऐकल्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, “वरात मारुतीच्या देवळापाशी आली तवा हाच शेवट वाजत हुता.” मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच तसं होतं, मी विचारलं नाही.

तुमच्या माळ्यावर, कोनाड्यात अशा रेकॉर्डी असतील तर पुसू नका, आहेत तशा उभ्या करून खोक्यात घाला आणि गुरुवारी दुपारी दोननंतर रेडिओच्या खोलीत घेऊन या. एसटीत मांडीवर धरा, टपावर टाकू नका. उतरवून घेऊन त्या तुमच्या तुम्हाला परत मिळतील.

आता ते शेवटचं मिनिट लावते. आक्का इथं शेजारीच बसल्या आहेत.